दाढीचा ब्रश आणि पाण्याचा हिशेब

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, सलग आठ-नऊ दिवस ऊन न दिसल्यानंतरच्या एका सकाळी, मी दाढीचा ब्रश गालाजवळ नेला आणि साबणाच्या चंदनी वासाआडून आणखी एक वास नाकात शिरला. ओले पायपुसणे दोन दिवस कोपऱ्यात पडून राहिले की जो वास येतो, तोच. ब्रश डुकराच्या केसांचा, चार वर्षे वापरातला आणि माझ्या विशेष मर्जीतला. खिडकीशी जाऊन केस फाकवून पाहिले, तेव्हा अगदी मुळाशी, जिथे केसांचा झुबका मुठीत चिकटवलेला असतो तिथे, करड्या बुरशीचे ठिपके दिसले. दोष ब्रशचा नव्हता. बेसिनवरच्या आरशामागे जे कपाट असते, त्यात ब्रश ओलाच ठेवून दार लावून घेण्याची सवय मला उन्हाळ्यात लागली होती, आणि उन्हाळ्यात खपून गेलेली ही हयगय नाशिकच्या पावसाळ्यात खपली नाही.

त्या दिवसापासून मी एक साधी चाचणी सुरू केली. माझ्याकडे तीन ब्रश आहेत: एक डुकराच्या केसांचा, एक बॅजर या प्राण्याच्या केसांचा आणि एक कृत्रिम तंतूंचा. तिन्ही सकाळी एकाच वेळी भिजवायचे, सारखेच झटकायचे, टॉवेलवर सारखेच टिपायचे आणि खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने उभे करायचे. संध्याकाळी कामावरून आल्यावर आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक झुबका जुन्या वर्तमानपत्रावर दाबून धरायचा, दहापर्यंत आकडे मोजायचे आणि कागदावर ओल उमटते का ते पाहायचे. घरात या प्रकाराला ‘बाबांचे संशोधन’ असे नाव पडले, ते मी मुकाट्याने स्वीकारले. निकाल मात्र आठवडाभर एकसारखा आला. कृत्रिम तंतूंचा ब्रश संध्याकाळी कोरडा ठणठणीत असायचा. बॅजरचा ब्रश संध्याकाळी कागदावर फिकट ओल सोडायचा आणि सकाळपर्यंत सुकायचा. डुकराच्या केसांचा ब्रश मात्र चोवीस तासांनंतरही रुपयाएवढा ओला डाग उमटवायचा, म्हणजे पुढच्या दाढीसाठी तो पाण्यात बुडवण्याची वेळ येईपर्यंत आदल्या दिवसाचे पाणी त्याच्या पोटात शिल्लक असायचे.

कृत्रिम ब्रश बरा की नैसर्गिक, या प्रश्नावर बोलणारी बहुतेक माणसे मऊपणापासून सुरुवात करतात. कोणता ब्रश गालाला रेशमासारखा लागतो, कोणता टोचतो, यावर तासन्‌तास बोलता येते आणि मीही बोललो आहे. पण त्या वर्तमानपत्रावरच्या डागांनी माझे लक्ष दुसरीकडे वळवले. दाढीचा ब्रश हे मुळात पाणी वागवण्याचे साधन आहे. साबण वाटीत असतो, पाणी नळात असते, आणि त्या दोघांचे प्रमाण जमवून ते गालावर नेण्याचे काम ब्रश करतो. तो पाणी केसाच्या आत घेतो की दोन केसांच्या मध्ये धरतो, धरलेले पाणी केव्हा सोडतो, आणि काम संपल्यावर ते किती लवकर टाकून देतो, एवढे कळले की त्या ब्रशचे बाकीचे गुणदोष आपोआप उलगडतात.

प्राण्याचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, आणि केराटिन पाणी पिते. माणसाचा केस पूर्ण भिजला की स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी आत घेतो, थोडा फुगतो आणि मऊ पडतो. दाढी करण्यापूर्वी चेहरा दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने ओला ठेवा असे जे सांगतात, त्याचे कारण हेच आहे. कोरडा खुंट पात्याला जेवढा विरोध करतो, त्याहून भिजलेला खुंट कितीतरी कमी करतो. म्हणजे ज्या गुणामुळे आपली दाढी मऊ होते, त्याच गुणामुळे डुकराच्या केसांचा ब्रशही मऊ होतो. गालावरचा केस आणि ब्रशमधला केस हे रसायनाच्या दृष्टीने एकाच भावकीतले आहेत. कृत्रिम तंतू या भावकीबाहेरचा. पूर्वीच्या स्वस्त ब्रशमध्ये नायलॉन असायचे, जे थोडे पाणी शोषते आणि ओले झाले की लेचेपेचे होते. आता चांगल्या कृत्रिम ब्रशमध्ये बहुधा पीबीटी, म्हणजे पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट हे पॉलिएस्टरच्या कुळातले प्लॅस्टिक वापरतात, आणि ते पाणी जवळपास शोषतच नाही. या तंतूंची टोके निमुळती केलेली असतात, म्हणून ती गालाला टोचत नाहीत. आणि तंतू बारीक असल्यामुळे त्यांच्यामधल्या असंख्य फटींत केशाकर्षणाने पाणी धरून ठेवले जाते. पाणी आहे, पण ते सगळे बाहेर आहे. झटकले की जाते.

माझ्या आजोबांकडे डुकराच्या केसांचाच ब्रश होता. जुन्या नाशकात, तांबट लेनपासून हाकेच्या अंतरावर, आमचे बिऱ्हाड होते आणि त्यांची साबणाची वाटी पितळेची, बुडाशी ठोक्याच्या खुणा असलेली होती. ब्रशची लाकडी मूठ पाण्याने तडकलेली असल्यामुळे तिच्या गळ्याला त्यांनी सुतळीचे दोन वेढे दिले होते, आणि त्याच सुतळीच्या फासाने तो ब्रश मोरीबाहेरच्या खिळ्याला उलटा टांगलेला असे. उलटा का, असे विचारले तर “पाणी खाली उतरते,” असे ते सांगत. हे कारण मी पुढे अनेकांकडून ऐकले आणि ब्रश उलटा अडकवण्याचे नक्षीदार स्टँडही विकत मिळतात; पण माझ्या अनुभवाने ते कारण पुरेसे खरे नाही. केसांच्या फटींत केशाकर्षणाने धरलेले पाणी नुसते उलटे टांगल्याने फारसे उतरत नाही, आणि केसाच्या आत शिरलेल्या पाण्याला तर खाली-वर काही कळतच नाही. ते वाऱ्यानेच उडून जायचे. मी आठवडाभर डुकराच्या केसांचा ब्रश उलटा टांगूनही पाहिला, आणि सकाळचा डाग तेवढाच आला. आजोबांचा ब्रश पावसाळ्यात टिकला तो उलटा होता म्हणून नव्हे, तर मोरीबाहेरच्या बोळात कायम वारा होता म्हणून, असे मला वाटते. आमच्या सदनिकेत तो बोळ नाही.

डुकराच्या केसांबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हा ब्रश पहिल्या दिवशी जसा असतो तसा तो दुसऱ्या महिन्यात नसतो, आणि बहुतेक लोक त्याला पहिल्या आठवड्यातच नापास करतात. नवा ब्रश भांडी घासायच्या कुंच्याच्या जातीचा वाटतो. त्याला प्राण्याचा वासही येतो, जो चार-सहा दाढ्यांत जातो. पण वापरता वापरता प्रत्येक केसाचे टोक दुभंगते, त्या दोन फाट्यांना आणखी फाटे फुटतात, आणि पंधरा-वीस दाढ्यांनंतर टोके इतकी मऊ होतात की केसाचा कणा ताठ असूनही गालाला तो ताठरपणा जाणवत नाही. माझ्या ब्रशची चार वर्षांची टोके भिंगाखाली पाहिली, तेव्हा ती झिजलेल्या केरसुणीसारखी नव्हे, तर कणसाच्या तुऱ्यासारखी फुललेली दिसली. टोकाशी मऊ आणि बुंध्याशी ताठ, हा जोड साबणाच्या कडक वडीवर फार उपयोगी पडतो. ब्रश वडीला घासला की साबण लगेच सुटून येतो.

त्याची अट एकच: दाढीपूर्वी त्याला तीन-चार मिनिटे कोमट पाण्यात भिजत ठेवावे लागते. न भिजवता वापरला, तर वाटीत चांगला जमलेला फेस गालावर नेईपर्यंत आटतो, कारण तहानलेले केस फेसातले पाणी पिऊन टाकतात. पहिल्या महिन्यात मी साबणाला नावे ठेवली, साबण दोनदा बदलला, आणि मग कधीतरी लक्षात आले की पाणी चोरणारा हातातच आहे. दाढीचे ब्रश करणाऱ्या जुन्या कारखान्यांत इटलीतील ओमेगा या १९३१ पासूनच्या कंपनीचे नाव डुकराच्या केसांसाठी प्रसिद्ध आहे, आणि हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळणारा तसा ब्रश नीट सुकवला तर वर्षानुवर्षे जातो. बाजारात पांढऱ्या केसांवर मधोमध काळा पट्टा रंगवलेले ब्रशही दिसतात. तो पट्टा बॅजरच्या नैसर्गिक पट्ट्याची नक्कल असते. त्याने ब्रश बिघडत नाही, फक्त घेणाऱ्याची समजूत बिघडते.

बॅजर हे नाव आपल्याकडे अपरिचित आहे. युरोप आणि आशियात बिळे करून राहणारा, रात्री हिंडणारा हा प्राणी पाणमांजराच्या कुळातला. आपल्या जंगलातले चांदी अस्वल हेही त्याच कुळातले. बॅजरचा केस मधोमध जाड व काळा आणि टोकाशी फिकट व निमुळता असतो. तो डुकराच्या केसाइतका पाणी पीत नाही, पण झुबक्यात मात्र पुष्कळ पाणी धरतो, म्हणून शे-दीडशे वर्षे तो सर्वांत उंची मानला गेला. इंग्लंडमधील केंट ही ब्रश करणारी कंपनी १७७७ पासूनची आणि सिम्पसन १९१९ पासूनची; या नावांभोवती जी प्रतिष्ठा आहे, ती बरीचशी बॅजरची आहे. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशा चढत्या प्रती सांगितल्या जातात. या प्रतींना कोणतेही एक सर्वमान्य प्रमाण नाही. एका उत्पादकाची ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘प्युअर’सारखी निघू शकते, आणि माझ्या बाबतीत तसेच झाले. परदेशातून मागवलेला, वर्णनात मऊपणाचे गोडवे गायलेला ब्रश मी कित्येक हजार रुपये देऊन घेतला. तो पहिल्या महिन्यात रोज सात-आठ केस गाळत होता आणि त्याची टोके मानेला अक्षरशः बोचत होती. विक्रेत्याने उत्तर देण्याची तसदी घेतली नाही. दोन वर्षांनी गळती थांबली आणि बोचणेही बरेच कमी झाले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे; पण तेवढ्या पैशांत मी दोन वर्षे वाट पाहणे अपेक्षित नव्हते.

पैशांहून मोठी गोष्ट मला नंतर कळली, आणि ती कळल्यावर मी दुसरा बॅजर घेतला नाही. डुकराचे केस हा मांसासाठी कापलेल्या जनावराचा उरलेला भाग असतो. बॅजरचे तसे नाही; ब्रिटनमध्ये बॅजरला १९९२ च्या कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे ब्रशसाठी लागणारा केस प्रामुख्याने चीनमधून येतो, आणि तिथे या प्राण्यांना कोणत्या अवस्थेत पिंजऱ्यात ठेवले जाते याचे चित्रण पेटा या संघटनेने २०१८ मध्ये बाहेर आणल्यावर अनेक विक्रेत्यांनी हा केस वापरणे सोडले. माझ्याकडे आहे तो ब्रश मी फेकून दिलेला नाही. फेकल्याने ज्याचा जीव गेला त्याला काही परत मिळणार नाही. पण कोणी विचारले तर घे असे मी सांगत नाही. हा प्रश्न केवळ परदेशाचा आहे असेही नाही. चित्रकलेच्या ब्रशसाठी आपल्याकडे मुंगसाचे केस वापरले जात आले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण असूनही हा व्यापार चालू राहिला, आणि २०१९ मध्ये केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाला ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने देशभर छापे घालावे लागले. शाळेत असताना चित्रकलेच्या तासाला आम्ही कोणत्या केसांनी आकाश रंगवले, हे आठवले की थोडे अस्वस्थ व्हायला होते.

घोड्याच्या केसांचे ब्रशही मिळतात. आयाळ आणि शेपूट कातरून ते केस मिळतात, जनावर मारावे लागत नाही, आणि मऊपणा डुकराच्या व बॅजरच्या मधला असतो. मी ते वापरलेले नसल्याने अधिक लिहीत नाही. एक जुनी हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांमध्ये व नागरिकांमध्ये चेहऱ्यावर आणि मानेवर अँथ्रॅक्सच्या, म्हणजे सांसर्गिक काळपुळीच्या, जखमा होऊ लागल्या, आणि शोध घेतल्यावर कारण निघाले दाढीचे ब्रश. निर्जंतुक न केलेल्या, बाहेरून आयात केलेल्या घोड्याच्या केसांत या रोगाचे बीजाणू होते, आणि दाढी करताना झालेल्या बारीक ओरखड्यांतून ते शरीरात जात होते. आता केस निर्जंतुक करूनच वापरतात. पण नैसर्गिक केस स्वच्छ आणि कोरडा ठेवण्याला एवढे महत्त्व का, ते या हकीकतीवरून चांगले कळते.

नैसर्गिकाकडून कृत्रिमाकडे जाणे आपण एका बाबतीत केव्हाच पूर्ण केले आहे आणि विसरूनही गेलो आहोत. दात घासण्याचा ब्रश एकेकाळी डुकराच्याच केसांचा असे, आणि ते केस बहुतांशी चीनमधून जात. अमेरिकेतील ड्युपॉन्ट कंपनीने नायलॉन शोधल्यावर ते सर्वप्रथम बाजारात आले ते मोज्यांच्या नव्हे, तर १९३८ मध्ये दात घासण्याच्या ब्रशच्या रूपाने. आज कोणी दात घासायला नैसर्गिक केस मागत नाही. दाढीच्या ब्रशच्या बाबतीत ते इतक्या सहज झाले नाही, कारण जाड, बोथट टोकाचे नायलॉन गालाला सोसत नव्हते. आमच्या लहानपणी जत्रेत आणि किराणा दुकानात रंगीत प्लॅस्टिकच्या मुठीचे जे ब्रश मिळत, त्यांच्यामुळे ‘कृत्रिम’ या शब्दाला जो बट्टा लागला, तो अजून पुरता धुऊन निघालेला नाही. माझ्या पिढीतील अनेकांचे कृत्रिम ब्रशविषयीचे मत त्या ब्रशवर बेतलेले आहे, आणि ते मत बदलायला हरकत नाही.

मी वापरतो तो कृत्रिम झुबका २४ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि तो सुटा विकत घेतलेला आहे. सातपूरला लेथवर काम करणाऱ्या एका स्नेह्यांनी शिसवी लाकडाच्या तुकड्यातून मूठ कातून दिली. झुबका बसवण्यासाठी मुठीच्या डोक्यावर किती खोल भोक पाडायचे, असे त्यांनी विचारले तेव्हा हा प्रश्न इतका महत्त्वाचा असेल असे मला वाटले नव्हते. झुबका भोकात न चिकटवता नुसता बसवून पाहिला, तेव्हा केसांचा बाहेर राहिलेला भाग साधारण ५५ मिलिमीटर होता, आणि गालावर दाबताच तो ओल्या फडक्यासारखा लोळत होता. त्यांनी भोक आणखी पाच मिलिमीटर खोल केले. तोच झुबका, तेच तंतू, पण बाहेरची उंची ५० वर आल्यावर त्याला ताठपणा आला. दाबले की पसरायचा, सोडले की पुन्हा उभा राहायचा. “भाऊ, दात घासायचा ब्रश असो की रंगाचा, केस जेवढे आखूड तेवढा जोर,” असे म्हणत त्यांनी एपॉक्सी कालवून झुबका कायमचा बसवून टाकला. कृत्रिम ब्रश फार लवचीक असतो, फार उसळतो, फेस आरशावर उडवतो अशी जी तक्रार असते, ती पुष्कळदा तंतूंची नसून या उंचीची आणि झुबक्याच्या दाटपणाची असते.

कृत्रिम ब्रश वापरण्याची रीत मात्र वेगळी आहे, आणि नैसर्गिक ब्रशवर हात बसलेला माणूस इथे हमखास चुकतो. त्याला भिजत ठेवायचे नाही, कारण भिजायला आत काहीच नाही. नळाखाली ओला करून दोनदा जोरात झटकायचा आणि जवळजवळ कोरडा वाटेल असाच साबणावर फिरवायचा. पाणी मग बोटांनी थेंब थेंब घालायचे. मी सुरुवातीला डुकराच्या ब्रशच्या हिशेबाने भरपूर पाणी घेतले, आणि सगळा फेस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. कारण डुकराच्या केसांनी जे पाणी स्वतःपाशी राखून ठेवले असते, ते इथे एकदम सुटून साबणात गेले. दुसरे असे की कृत्रिम तंतू फेस धरून ठेवत नाहीत, सोडून देतात. हा दोष वाटतो, पण साबणाच्या काटकसरीच्या दृष्टीने तो गुण आहे. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या क्रीममध्ये माझ्या तीन फेऱ्या होतात, आणि नैसर्गिक ब्रशला त्याच कामासाठी दुप्पट क्रीम लागते.

साबणाचा विषय निघाला की नाशिकमध्ये पाण्याचा विषय निघतोच. गंगापूर धरणाचे पाणी नळाला येते तोवर फेसाची तक्रार नसते. पण एप्रिल-मे महिन्यांत आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी मिसळू लागतात, आणि पहिला सुगावा मला दाढीच्या वाटीत लागतो. बेसाल्ट खडकातून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते साबणातील स्टिअरिक आम्लाशी जुळून न विरघळणारा पांढरा साका तयार करतात, आणि फेस दाट साईसारखा होण्याऐवजी दह्यासारखा फाटतो. दाढीच्या क्रीममध्ये अंघोळीच्या साबणापेक्षा पोटॅशियमचा साबण जास्त असतो, म्हणून ते अधिक सहज विरघळते. क्षारांपुढे मात्र त्याचेही काही चालत नाही. हाच साका झुबक्याच्या मुळाशी थरावर थर साचतो. नैसर्गिक केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यांत तो अडकून बसतो आणि केस चुरमुऱ्यासारखे कडक लागू लागतात. कृत्रिम तंतूच्या गुळगुळीत अंगावरून तो बराचसा धुऊन जातो. उपाय सोपा आहे. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घालून ब्रशची टोके त्यात दोन-तीन मिनिटे हलवावीत आणि साध्या पाण्याने नीट धुवावा. मूठ बुडवू नये, आणि पाणी कढत घेऊ नये. कढत पाण्याने केस ठिसूळ होतात आणि कृत्रिम तंतू वाकडे होऊ शकतात. मे महिन्यात मी दाढीपुरते पिण्याच्या फिल्टरचे तांब्याभर पाणी घेतो, त्यावरही घरात टीका होते.

पंचवटीत मी ज्यांच्याकडे केस कापायला जातो, त्या काकांना मी गेल्या महिन्यात हा सगळा हिशेब ऐकवला. ते शांतपणे कात्री चालवत होते. “काका, दुकानात तुम्ही कोणता ब्रश ठेवता?” असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, नायलॉनचाच. दिवसाला वीस दाढ्या, दर गिऱ्हाइकामागे ब्रश औषधाच्या पाण्यात घालायचा. केसांचा ब्रश सुकणार कधी? आणि पहिले गिऱ्हाईक विचारतं, कशाचे केस आहेत म्हणून. कोणाला डुक्कर चालत नाही, कोणाला कुठलंच जनावर चालत नाही. नायलॉनला जात नाही.” एवढे बोलून त्यांनी माझी मान पुढे वाकवली. मी पानेच्या पाने खर्च करून जे सांगतो आहे, त्यातले निम्मे त्यांनी चार वाक्यांत संपवले. तिथून निघून रामकुंडाकडे गेलो, तर घाटावर क्षौर करणारे एक गृहस्थ ओंजळीने पाणी घेऊन समोरच्या माणसाच्या डोक्यावर बराच वेळ चोळत बसले होते. ब्रश नाही, साबण नाही. केस पुरता भिजल्याची बोटांना खात्री पटल्यावरच त्यांनी वस्तरा उचलला.

कृत्रिम ब्रशच्या विरोधात दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल. एक म्हणजे तो प्लॅस्टिक आहे. झिजून कचऱ्यात गेला की मातीत मिसळणार नाही, आणि डुकराचा केस मिसळेल. दुसरी गोष्ट माझ्या अनुभवाची आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे त्याहूनही खाली, आणि त्या दिवसांत कोमट पाण्यात भिजवलेल्या डुकराच्या केसांच्या ब्रशने गालावर जी ऊब येते आणि दुसऱ्या फेरीपर्यंत टिकते, ती कृत्रिम ब्रश मला देत नाही. आत मुरलेले गरम पाणी हळूहळू बाहेर येत असते. जुलैत जो गुण बुरशी आणतो, तोच जानेवारीत हवासा वाटतो. शिवाय हिवाळ्यात नाशिकची हवा इतकी कोरडी असते की आमचे ओठ आणि टाचा फुटतात. त्या हवेत ब्रश सुकण्याची चिंता करावी लागत नाही.

म्हणून माझी व्यवस्था आता अशी आहे. आठवड्याच्या पाच दिवशी, कामावर निघण्याच्या घाईत, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळेच दिवस कृत्रिम ब्रश. प्रवासालाही तोच, कारण ओला पिशवीत टाकला तरी त्याचे काही बिघडत नाही. पहिलाच ब्रश घेणाऱ्याने काही शेकड्यांत मिळणारा दाट, निमुळत्या टोकांचा कृत्रिम ब्रश घ्यावा, उंची ५० मिलिमीटरच्या आसपास पाहावी, आणि मुठीच्या देखणेपणावर फार भुलू नये. ज्याला साबणाची वडी आवडते, ज्याच्याकडे सकाळी दहा मिनिटे जास्तीची आहेत आणि ज्याच्या न्हाणीघराला वाऱ्याची खिडकी आहे, त्याने डुकराच्या केसांचा ब्रश जरूर घ्यावा आणि पहिले वीस दिवस त्याच्यावर रागावू नये. असे दोन ब्रश असतील तर आणखी बरे, म्हणजे एक दिवसाआड प्रत्येकाला सुकायला अठ्ठेचाळीस तास मिळतात.

बुरशी लागलेला ब्रश मी व्हिनेगरच्या पाण्याने दोनदा धुतला, विंचरायच्या फणीने मुळापर्यंत मोकळा केला आणि ऑगस्टमध्ये आलेल्या तीन उघडिपीच्या दिवसांत गच्चीवर सावलीत ठेवला. ठिपके गेले, वास गेला, मधले काही केस तेवढे हाताला आले. आता तो वर्तमानपत्रात गुंडाळून, कागदाला भोके पाडून, पुस्तकांच्या कपाटावर ठेवला आहे. दर रविवारी तो उघडून कागद पाहतो. गेल्या दोन रविवारी कागद कोरडा होता. आश्विन निम्मा सरला आणि पहाटे पंखा बंद करावासा वाटू लागला की पहिल्या अंघोळीच्या दिवशी तो पुन्हा भिजत घालीन, मात्र त्याआधी आरशामागच्या कपाटाला दोन मोठी भोके पाडून घ्यायची आहेत. सातपूरच्या स्नेह्यांनी ड्रिल घेऊन येण्याचे कबूल केले आहे.